यी चिंग: बदलत्या रेघा आल्या की उत्तर फाटतं, तेव्हा काय तपासायचं

लक्षणं

यी चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाला प्रश्न विचारला, तीन नाणी सहा वेळा टाकली, दर टाकीच्या बेरजेवरून (६ ते ९) एकेक अशा अखंड किंवा तुटक सहा रेघा मांडल्या, बदलत्या (६ आणि ९ च्या) रेघा उलटवून दुसरी आकृतीही काढली. पुस्तक उघडलं आणि घोळ सुरू. माझ्याकडे कागदांचे फोटो येतात, त्यांतल्या तक्रारी फिरून फिरून याच असतात:

- पहिली आकृती ‘पुढे व्हा’ म्हणते, दुसरी ‘थांबा’.
- आकृतीचं मुख्य वचन शुभ, पण बदलत्या रेघेचं वचन चक्क अशुभ.
- चार-पाच रेघा बदलल्या आणि एकीचा दुसरीशी काही मेळ नाही.
- एकही रेघ बदलली नाही, म्हणजे ‘उत्तरच आलं नाही’.
- कागदावरची आकृती एक, ॲपमध्ये तेच आकडे भरले तर दुसरीच.
- दर वेळी ढीगभर रेघा बदलतात. किंवा नाण्यांऐवजी काड्यांनी काढताना ६ हा आकडा कधी म्हणजे कधीच येत नाही.

या शकुनावर विश्वास ठेवावा की नाही, त्यात मी पडत नाही. पण वरच्या तक्रारींपैकी बहुतेक हिशेबाच्या असतात, दैवाच्या नव्हेत. ग्रंथात ६४ आकृत्या, प्रत्येकीचं एक मुख्य वचन, प्रत्येक रेघेचं एकेक म्हणजे ३८४ वचनं, आणि पहिल्या दोन आकृत्यांना एकेक जादा. एवढ्या पसाऱ्यातून नेमकं कुठलं वाक्य वाचायचं, ते बदलती रेघ सांगते. तिचं काम उत्तर वाढवण्याचं नाही, कापण्याचं आहे. लोक मुख्य वचन वाचतात, सगळ्या बदलत्या रेघा वाचतात, वर दुसरी आकृती अथपासून इतिपर्यंत वाचतात, आणि मग म्हणतात उत्तर परस्परविरोधी आहे. असणारच.

तपासणीसाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू या. एका परिचितांनी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीबद्दल विचारलं होतं. आकडे, खालून वर: ७, ७, ६, ७, ७, ७. तिसरी रेघ बदलती. आकृती क्रमांक १०, ल्यु, म्हणजे पाऊल टाकणं. मुख्य वचन: वाघाच्या शेपटीवर पाय पडला, वाघ चावत नाही, यश. तिसऱ्या रेघेचं वचन: एका डोळ्याचा म्हणतो मला दिसतं, लंगडा म्हणतो मला चालता येतं, वाघाच्या शेपटीवर पाय पडतो, वाघ चावतो, अशुभ. ती रेघ उलटवली की सहाही रेघा अखंड, म्हणजे क्रमांक १, छ्येन, सगळ्यांत बलवान आकृती. वाघ चावतो, चावत नाही, आणि वरून आकाशाएवढं बळ! त्यांनी मला विचारलं, ‘तिन्हीतलं खरं कुठलं?’ पुढे बघाच, आकडे हेच ठेवूनही एकेका चुकीने उत्तर कसं पालटतं ते.

१. रेघा खालून वर मांडल्यात का?

याला पैसा लागत नाही, नाणी पुन्हा टाकावी लागत नाहीत, नुसता कागद बघायचा. पहिली टाक म्हणजे सर्वांत खालची रेघ. आपला हात सवयीने वरून खाली लिहितो, म्हणून ही चूक फार होते. आपलं उदाहरण वरून खाली मांडलं तर ल्यु जाते आणि क्रमांक ९ येते, बदलती रेघ तिसरीची चौथी होते, आणि तिचं वचन सांगतं की रक्त गेलं, भीती गेली, दोष नाही. अशुभाचं एकदम ‘सुटलो’ झालं.

ही चूक पटकन दिसत नाही, कारण ६४ पैकी ५६ आकृत्या उलटल्या की दुसरी कुठली तरी रीतसर आकृतीच बनते. उरलेल्या आठ (क्रमांक १, २, २७, २८, २९, ३०, ६१, ६२) उलट्या केल्या तरी तशाच राहतात. त्यांच्यात गंमत अशी की आकृती बरोबर येते, क्रमांक बरोबर येतो, फक्त रेघ चुकते: दुसरीच्या जागी पाचवी वाचली जाते. म्हणून रेघेशेजारी नुसता आकडा लिहू नका, १ ते ६ स्थानही लिहा.

२. नाण्याची कुठली बाजू ३?

हे नाणी हातात घेण्यापूर्वी ठरवायचं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवायचं. सध्या सरसकट चालतं ते असं: छापा ३, काटा २. तीन नाण्यांची बेरीज ६, ७, ८ किंवा ९. पण जर्मन अभ्यासक रिचर्ड विल्हेल्मच्या १९२४ च्या भाषांतरात, ज्यावरून १९५० ची प्रसिद्ध इंग्रजी आवृत्ती निघाली, चौकोनी भोकाच्या चिनी नाण्याची अक्षरं असलेली बाजू २ आणि मागची ३ धरली आहे. एखादा अक्षरांची बाजू म्हणजे छापा समजतो, दुसरा उलट. रुपयाच्या नाण्यावर तर दोन्ही बाजूंना अक्षरं. सिंहाची बाजू ३ आणि किमतीची बाजू २ असं एकदा ठरवलं की विषय संपला.

उलटसुलट झालं तर ६ चा ९ होतो, ७ चा ८ होतो, आणि सबंध आकृती आपल्या विरुद्ध आकृतीत जाते. आपले आकडे ८, ८, ९, ८, ८, ८ होतील. ही क्रमांक १५, नम्रतेची आकृती, आणि तिसऱ्या रेघेचं वचन: कष्टाळू आणि नम्र, सज्जनाचं काम तडीस जातं, शुभ. वाघ चावणं कुठे आणि हे कुठे! नाणी तीच, हात तोच.

बेरीज तपासायची सोपी खूण: दोन नाणी एका बाजूची आणि एक वेगळं पडलं, तर रेघ त्या एकट्या नाण्याची. एकटा छापा म्हणजे ७, अखंड. एकटा काटा म्हणजे ८, तुटक. तिन्ही सारखी असतील तरच रेघ बदलती.

३. फक्त ६ आणि ९ बदलतात

९ ही अखंड रेघ, ती बदलून तुटक होते. ६ ही तुटक, ती अखंड होते. ७ आणि ८ जागच्या जागी. जुनी खूणही हीच आहे: ९ च्या रेघेवर गोल, ६ च्या रेघेवर फुली.

इथे पुस्तकच पाय अडकवतं. छापील ग्रंथात प्रत्येक अखंड रेघेपुढे ‘नऊ’ आणि प्रत्येक तुटक रेघेपुढे ‘सहा’ असंच लिहिलेलं असतं: ‘तिसऱ्या स्थानी सहा’, ‘पाचव्या स्थानी नऊ’. वाचणाऱ्याच्या कागदावर पाचव्या स्थानी ७ असतो. त्याला पुस्तकात ७ सापडत नाही, मग तो ‘नऊ’ वाचून मोकळा होतो. ग्रंथात ७ आणि ८ छापलेलेच नसतात, कारण त्या रेघांची वचनं वाचायचीच नसतात. (चार-पाच रेघा बदलल्या तर अपवाद आहे, तो खाली येईल.) सहाच्या सहा वचनं वाचून ‘फार गुंतागुंतीचं उत्तर आलंय’ म्हणणारे बहुतेक जण या खड्ड्यात पडलेले असतात.

४. तक्त्यात आकृती बरोबर शोधलीत का?

आकृती म्हणजे तीन-तीन रेघांची दोन त्रिकुटं, खालचं आणि वरचं. त्रिकुटांना आकाश, जमीन, वारा, सरोवर अशी नावं आहेत. तक्त्यात एक आडवं असतं, एक उभं, आणि कुठलं कुठे हे प्रत्येक पुस्तकात सारखं नसतं. अदलाबदल झाली तर आपली १० ही ४३ होते. आणखी एक: क्रमांक १ आणि क्रमांक १५ यांची नावं देवनागरीत लिहायला गेलं तर दोन्ही छ्येनच. नावावर जाऊ नका, क्रमांक आणि चित्र दोन्ही जुळवा.

क्रमांकही जुळत नसेल तर पुस्तक कुठल्या प्रतीवरून आहे ते बघा. १९७३ साली हूनान प्रांतात छांगशा शहराजवळच्या मावांगत्वी थडग्यात रेशमावर लिहिलेली प्रत सापडली. थडगं इ.स.पू. १६८ चं. त्या प्रतीत आकृत्यांचा क्रमच निराळा आहे. नेहमीच्या क्रमात १२ वी असलेली आकृती तिथे दुसरी येते.

५. किती रेघा बदलल्या, ते मोजा

वरच्या चारांत चूक सापडली नाही तर खरा प्रश्न हा. बहुतेकांची गाडी इथेच रुतते, म्हणून जरा थांबून बघू.

चीनमधल्या सुंग काळातला विद्वान चू शी (११३० ते १२००) याने मोजणीवर नियम बांधून दिले. आज सर्वांत जास्त तेच वापरले जातात:

एकही रेघ बदलली नाही: मूळ आकृतीचं मुख्य वचन.
एक बदलली: त्या रेघेचं वचन.
दोन: मूळ आकृतीतली दोन्ही वचनं, त्यांत वरच्या रेघेचं वजन जास्त.
तीन: मूळ आणि बदललेली, दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं.
चार: बदललेल्या आकृतीत ज्या दोन रेघा बदलल्या नाहीत त्यांची वचनं, खालचीचं वजन जास्त.
पाच: बदललेल्या आकृतीतल्या एकुलत्या न बदललेल्या रेघेचं वचन.
सहाच्या सहा: बदललेल्या आकृतीचं मुख्य वचन, पण मूळ आकृती १ किंवा २ असेल तर त्यांचं ते खास जादा वचन.

यामागचं तर्कशास्त्र सरळ आहे. बदल थोडा तर वजन मूळ आकृतीकडे, बदल फार तर दुसरीकडे, आणि जे कमी संख्येत आहे ते बोलतं. पाच बदलल्या तर उठून दिसते ती न बदललेली.

आता आपली १०. एकच रेघ बदलली आहे, तेव्हा वाचायचं फक्त तिसऱ्या रेघेचं वचन: वाघ चावतो. मुख्य वचनातला न चावणारा वाघ बाजूला, छ्येनचं बळही बाजूला. तक्रारीतला विरोध इथे मिटतो, कारण तीन उत्तरं आलेलीच नव्हती. रेघ का चावते, हेही आकृतीत दिसतं: पाच अखंड रेघांमध्ये ही एकटी तुटक, तीही अखंड रेघेच्या जागी बसलेली. ताकद नसताना ताकदवानाच्या जागेवरून बोलायला निघालेली. परिचितांकडे जमिनीचा फेरफार नव्हता, जुनी कागदपत्रं नव्हती, आणि ते भावकीच्या बैठकीत ‘मला सगळं माहीत आहे’ म्हणून बसायला निघाले होते.

एकही रेघ बदलली नाही म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: नाण्यांनी टाकलं तर दर शंभरात साधारण १८ वेळा असंच होतं. मुख्य वचन वाचा, झालं. एक बदलण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, दोनची ३०, तीनची १३, चारची ३. पाच किंवा सहा रेघा बदलल्या तर मी आधी पहिल्या तीन तपासण्या पुन्हा करायला सांगतो. सहाही बदलणं ४०९६ मध्ये एकदा.

चू शीचे नियम दगडावरची रेघ आहेत असं मात्र नाही, आणि जुन्या चिनी इतिवृत्तांत तशा नोंदी आहेत. तीन रेघांचं उदाहरण नियमाला धरून आहे. जिन राज्याचा परागंदा राजपुत्र छुंग-अर याने राज्य मिळेल का म्हणून विचारलं. आकृती ३ बदलून १६ आली, पहिली, चौथी आणि पाचवी रेघ बदलून. शकुन सांगणारे सगळे म्हणाले अशुभ, वाट बंद आहे. त्याच्याबरोबरच्या एका मंत्र्याने दोन्ही आकृत्यांची मुख्य वचनं शेजारी ठेवली. दोन्हींत एकच शब्दसमूह होता: अधिपती नेमायला अनुकूल. तो म्हणाला, याहून शुभ ते काय असणार? इ.स.पू. ६३६ मध्ये छुंग-अर जिनच्या गादीवर बसला.

पाच रेघांचं उदाहरण मात्र नियमाशी भांडतं. लू राज्याची मू च्यांग ही राजमाता कटात सापडून पूर्वेच्या वाड्यात बंदिस्त झाली होती. इ.स.पू. ५६४ च्या नोंदीत तिचा शकुन आहे: आकृती ५२ बदलून १७, दुसरी रेघ सोडून बाकी पाच बदललेल्या. शकुन सांगणारा म्हणाला, १७ म्हणजे बाहेर पडणं, तुम्ही लवकर सुटाल. तिने १७ चं मुख्य वचन स्वतः म्हणून दाखवलं आणि सांगितलं की त्यात जे चार गुण मागितलेत त्यांतला एकही माझ्यात नाही, मी इथेच मरणार. आणि ती तिथेच मेली. जवळपास सतरा शतकांनी चू शीने हेच प्रकरण उकरून काढून त्या शकुन सांगणाऱ्याला झापलं: पाच बदलल्या असताना १७ मधल्या दुसऱ्या रेघेचं वचन वाचायला हवं होतं, ‘लहानग्याला धरून बसते, कर्त्या पुरुषाला गमावते’, आणि याने भलतंच वाचलं. माझ्या मते चू शी इथे स्वतःचा नंतरचा नियम मागे नेऊन लादतो. त्या काळी असा एकच एक नियम होता असं त्या नोंदींवरून वाटत नाही. पण दोन्ही वचनं बाईंना गैरसोयीचीच होती, एवढं खरं.

विसाव्या शतकात काओ हंग या अभ्यासकाने वेगळी रीत मांडली. सहा आकड्यांची बेरीज ५५ मधून वजा करायची, उरलेली संख्या रेघांवर खालून वर, मग वरून खाली, मग पुन्हा खालून वर मोजत जायची, आणि थांबू ती रेघ धरायची. ती रेघ बदलती नसेल आणि एकूण एक-दोनच रेघा बदललेल्या असतील, तर मूळ आकृतीचं मुख्य वचन वाचायचं. आपलं उदाहरण घालून बघा: बेरीज ४१, ५५ मधून वजा १४. मोजणी खालून दुसऱ्या रेघेवर थांबते, तिथे ७ आहे, बदलती नाही. म्हणजे मुख्य वचन: वाघ चावत नाही.

चू शीच्या रीतीने चावतो, काओ हंगच्या रीतीने चावत नाही, आणि दोघांच्याही हिशेबात खोट नाही. म्हणून रीत नाणी टाकण्यापूर्वी ठरवायची. उत्तर बघून मग रीत निवडायची असेल तर नाण्यांची गरजच काय?

६. दुसऱ्या आकृतीला ‘पुढे काय होणार’ समजताय का?

ॲप आणि सोप्या पुस्तिका सर्रास सांगतात: पहिली आकृती म्हणजे आज, दुसरी म्हणजे उद्या. ही सोय म्हणून ठीक आहे, पण जुन्या वापरात ती टिकत नाही.

‘त्सो च्वान’ या इतिवृत्तात इ.स.पू. ६७२ च्या नोंदीत एक शकुन येतो. छन राज्याच्या अधिपतीने लहान मुलासाठी विचारलं होतं. आकृती २० बदलून १२, चौथी रेघ बदललेली. शकुन सांगणाऱ्याने २० मधल्या चौथ्या रेघेचं वचन म्हटलं, ‘राज्याचं तेज पाहतो, राजाचा पाहुणा होणं अनुकूल’, आणि सांगितलं की या मुलाचा वंश परक्या राज्यात वर येईल. पुढे तो छी राज्यात पळून गेला आणि काही पिढ्यांनी त्याच्याच घराण्याने छीची गादी घेतली.

आता १२ चं मुख्य वचन काय आहे? कोंडी, सज्जनाला प्रतिकूल. ‘दुसरी म्हणजे उद्या’ हे सूत्र लावलं असतं तर त्या मुलाच्या नशिबी कोंडी सांगावी लागली असती. शकुन सांगणाऱ्याने ते वचन उच्चारलंही नाही. त्याने १२ मधून फक्त त्रिकुटं घेतली: जमिनीवर वारा होता, त्या वाऱ्याच्या जागी आकाश आलं. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की ‘२० ची १२’ असं बोलणं हा मुळात रेघेचा पत्ता सांगण्याचा प्रकार होता. रेघांना आकड्यांची नावं पडण्याआधी ‘२० मधली ती रेघ, जी बदलली की १२ होते’ असं म्हणायचे. पटण्यासारखं आहे.

तेव्हा तीनपेक्षा कमी रेघा बदलल्या असतील तर दुसऱ्या आकृतीचं मुख्य वचन झाकून ठेवा. कुठलं त्रिकूट कशात बदललं एवढं बघायला हरकत नाही. आपल्या उदाहरणात खालचं सरोवर जाऊन तिथे आकाश येतं. त्याचा अर्थ ‘शेवटी सगळं छान होईल’ असा काढायचा नाही.

७. साधन तपासा

याला वेळ लागतो म्हणून एवढ्या खाली. दर वेळी फार रेघा बदलत असतील तर वीस आकृत्यांच्या नोंदी काढा, म्हणजे १२० रेघा. नाणी असोत की काड्या, बदलत्या रेघांचं प्रमाण चारात एक, तेव्हा तीसच्या आसपास याव्यात. साठच्या आसपास आल्या तर ॲप ६, ७, ८, ९ या चारही आकड्यांना सारखी संधी देतंय. ते ॲप काढून टाका, दुरुस्त होण्यातलं नाही. पाच-सहा आकृत्यांवरून मात्र निष्कर्ष काढू नका.

काड्यांनी काढणाऱ्यांची चूक वेगळी. काड्या ५०, पण एक आधीच बाजूला ठेवायची आणि ४९ नीच काम करायचं. दोन ढीग, उजव्यातली एक काडी बोटात, मग दोन्ही ढीग चार-चार करून मोजायचे आणि उरलेल्या बाजूला काढायच्या. पहिल्या फेरीत बोटातली धरून बाजूला निघणाऱ्या काड्या ५ किंवा ९ च असतात, पुढच्या दोन फेऱ्यांत ४ किंवा ८. पहिल्या फेरीत दर वेळी ६ निघत असतील तर तुम्ही ती एक काडी बाजूला ठेवायला विसरलात. मग शेवटी ३६, ३२ किंवा २८ च काड्या उरतात, २४ कधीच उरत नाहीत, आणि चारने भागल्यावर ६ हा आकडा यायचा रस्ताच बंद होतो. तुटक रेघ कधी बदलतच नाही, या तक्रारीचं मूळ जवळजवळ नेहमी हेच निघतं.

चूक नसतानाही काड्यांत ९ हा ६ च्या तिप्पट वेळा येतो (१६ त ३ आणि १६ त १). नाण्यांत दोन्ही सारखे. हा दोष नव्हे, त्या रीतीचा स्वभाव आहे.

८. प्रश्न

सगळ्यांत अवघड, कारण इथे आकडेमोड नाही. कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा प्रश्न असा घालतात की पाकळी उजवीकडची पडली की हो, डावीकडची पडली की नाही. तीच सवय घेऊन लोक इकडे येतात: ‘जमीन विकू की ठेवू?’ या ग्रंथात होय-नाही असे दोन खाने नाहीतच. वाघाची शेपटी विकण्याला लागू की ठेवण्याला? कळायला मार्ग नाही, आणि मग ज्याला जे हवं ते तो वाचतो. आमच्या परिचितांनीही पहिल्यांदा असंच विचारलं होतं. प्रश्न ‘वाटणीच्या बैठकीत मी स्वतः बोलायला गेलो तर काय?’ असा एकेरी केल्यावर पुढची नाणी टाकली गेली. एका वेळी एक कृती, आणि ती तुमची स्वतःची.

आणि तोच प्रश्न पुन्हा टाकायचा नाही. क्रमांक ४ च्या मुख्य वचनातच लिहिलंय: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो, दुसऱ्या-तिसऱ्यांदा विचारणं हा उपमर्द, तेव्हा सांगत नाही. श्रद्धा बाजूला ठेवली तरी हिशेब हाच: पाच वेळा टाकलंत तर पाच वेगवेगळ्या आकृत्या येणार, आणि त्यांतली आवडती तुम्ही निवडणार.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

इ.स.पू. ५३० मध्ये लू राज्यातला नान ख्वाय आपल्याच धन्याविरुद्ध बंडाच्या तयारीत होता. त्याला आकृती २ ची पाचवी रेघ बदलती मिळाली: पिवळं अधोवस्त्र, परम शुभ. तो खूश होऊन एका जाणत्याकडे गेला. काम कुठलं ते न सांगता विचारलं, करू का? जाणता म्हणाला, काम निष्ठेचं असेल तर होईल, नसेल तर फसेल. धोक्याच्या कामाचा शकुन यी चिंगमध्ये बघता येत नाही. नान ख्वायने बंड केलं, ते फसलं, आणि तो छीला पळाला.

औषध बदलायचं का, शस्त्रक्रिया करायची का, हा प्रश्न डॉक्टरांचा. वाटणीपत्रावर सही करण्यापूर्वी वकील. आमच्या परिचितांनाही शेवटी तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढूनच बैठकीला जायला सांगितलं. त्याला चू शीचा नियम पुरत नाही.

वाईट रेघ आली म्हणून कुणी शांती, खडा, ताईत सुचवून पैसे मागू लागला तर उठून या. ग्रंथात उताऱ्याची तजवीज कुठेही नाही.

दिवसात अनेकदा नाणी टाकल्याशिवाय बाहेर पडवत नसेल, झोप लागत नसेल, तर आकृती तपासत बसू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि आकृती, रेघ, रीत सगळं बरोबर असून दोन भाषांतरं एकाच वचनाचे दोन अर्थ देत असतील, तर माझ्यासारख्याकडे येण्यात अर्थ नाही. तिथे अभिजात चिनी वाचता येणारा माणूस लागतो. शांतिनिकेतनच्या चीना भवनासारख्या ठिकाणी, जे १९३७ पासून चालू आहे, किंवा विद्यापीठांच्या चिनी विभागांत विचारा.

विचारताना या गोष्टी एकत्र पाठवा: सहा आकडे खालून वर, नाण्याची कुठली बाजू ३ धरली ते, मोजणीची रीत कुठली ते, पुस्तक कुठलं ते, आणि प्रश्न जसाच्या तसा, नंतर न सुधारता. नुसता आकृतीचा फोटो पाठवलात तर समोरच्याला पहिल्या तपासणीपासून सुरुवात करावी लागते.